गाळणीत अडकलेलं विष जातं कुठे?

(आपल्या मंचाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



आजचा विषय कळल्यावर तुमच्यापैकी दोघातिघींनी फोन करून विचारलं, "पीट म्हणजे नेमकं काय गं?" तर पीट तुमच्या घरातच आहे. दिवाणखान्याच्या खिडकीशी, हिवाळ्यात हीटरजवळ सरकवलेली आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवली जाणारी ती कढीपत्त्याची कुंडी आठवा. तिच्यात घातलेली होम डेपोतली पिशवीबंद माती बहुतेक वेळा माती नसतेच. तिचा मोठा भाग पीट असतो, आणि बराचसा कॅनडातून आलेला. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात कोळशाचे प्रकार पाठ केलेत ना? पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट. त्यातली ही पहिली पायरी. आपण ती परीक्षेपुरती पाठ केली आणि विसरलो, कारण महाराष्ट्रात हा प्रकार पाहायलाच मिळत नाही.

इथे उत्तर मिनेसोटात मात्र तो जिकडेतिकडे आहे. राज्यात साठ लाख एकरांहून जास्त पीटभूमी आहे. थंड, पाणी साठून राहिलेल्या जमिनीत स्फॅग्नम नावाचं मॉस वाढतं. ते मरतं, पण धड कुजत नाही, कारण पाण्याखाली ऑक्सिजन नसतो आणि स्फॅग्नम आजूबाजूचं पाणी आम्लधर्मी करून ठेवतं. मग वर्षानुवर्षं थरावर थर चढत जातात. वेग वर्षाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे एक मीटर पीट व्हायला हजारेक वर्षं लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. न कुजण्याचा हा गुण किती टोकाचा आहे पाहा. १९५० मध्ये डेन्मार्कमध्ये पीट कापणाऱ्यांना एका माणसाचं प्रेत सापडलं. चेहरा इतका ताजा होता की त्यांनी खून समजून पोलिसांना कळवलं. तो टोलुंड मॅन निघाला दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा.

आता पाण्याकडे येऊ. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या बेसमेंटमध्ये वॉटर सॉफ्टनर आहे, आणि कॉस्टकोतून मिठाच्या पोती उचलून आणण्याचं काम घरातल्या कोणाच्या तरी कमरेवर सोपवलेलं आहे. त्या टाकीतले प्लॅस्टिकचे बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. पीट हेच काम निसर्गतः करतं. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींतून ह्युमिक ऍसिडसारखे मोठे, गुंतागुंतीचे रेणू तयार होतात. त्यांच्यावर व्हिनेगरमध्ये असतो तसला आम्लाचा गट जागोजागी चिकटलेला असतो. हा गट हायड्रोजन सोडून देतो आणि त्या जागी धातूचा आयन पकडतो. शिसं आणि तांबं तो घट्ट धरतो. निकेल, जस्त आणि कॅडमियम यांच्यावरची पकड त्याहून सैल.

म्हणून पीट हे धातूंनी दूषित झालेल्या पाण्यासाठी स्वस्त आणि खरोखर चांगलं गाळण-द्रव्य आहे. हे मी आधीच स्पष्ट सांगते, कारण पुढे मी तक्रारीच्या सुरात बोलणार आहे आणि एवढंच ऐकून "म्हणजे पीटचा काही उपयोग नाही तर" असं कोणी घरी जाऊन सांगायला नको. उपयोग आहेच. आयर्लंडमध्ये घरगुती सेप्टिक टँकचं पाणी पीटच्या थरांतून सोडून शुद्ध करण्याची पद्धत बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने बाजारात आणली आणि ती चालली. तिथे धातूंचा प्रश्न नसतो. पीटच्या तंतूंवर राहणारे जीवाणू मैला खातात. सुकवलेलं पीट तेलही शोषून घेतं, त्यामुळे तेलगळतीच्या वेळी ते वापरतात.

पण काय धरतं याइतकंच काय धरत नाही तेही महत्त्वाचं. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनेट, सल्फेट यांवर ऋण भार असतो, आणि पीटच्या त्या जागाही ऋणच असतात. मग साधं पीट त्यांना धरणार कसं? पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनच इतका असतो की तो धातूला बसू देत नाही, बसलेल्यालाही उठवतो. पाणी कठीण असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियमची गर्दी जागा अडवते. शिवाय पीटमधून निघणाऱ्या पाण्याला चहासारखा रंग असतो. तो रंग देणारे पदार्थ क्लोरीनच्या संपर्कात आले की ट्रायहॅलोमिथेन नावाची नको ती संयुगं तयार होतात. म्हणजे पिण्याच्या पाण्यासाठी हा मार्ग सरळ नाही.

ही झाली प्रयोगशाळेतली गोष्ट. खऱ्या जगात काय होतं हे पाहायचं तर आपल्याला फार लांब जायला नको. इथून गाडीने चार तासांवर बॅबिट नावाचं गाव आहे. बाउंड्री वॉटर्समध्ये कनू घेऊन जाणारे आपल्यातले उत्साही लोक त्याच्या आसपासूनच जातात. तिथे डुंका नावाची लोखंडाची उघडी खाण होती. १९६० च्या दशकात सुरू झाली, १९९० च्या दशकात बंद पडली. लोहखनिजाच्या वर दुलुथ कॉम्प्लेक्स नावाचा दुसराच खडक होता, त्यात तांब्या-निकेलची गंधकयुक्त संयुगं. खाणवाल्यांना तो खडक नको होता. त्यांनी तो खणून बाजूला ढीग केला. ढीग केवढा? पाच कोटी टनांच्या वर.

गंधकयुक्त खडक जमिनीत असेपर्यंत गप्प असतो. बाहेर काढला की पाऊस आणि हवा मिळून त्याचं सल्फेट करतात, आणि त्याबरोबर निकेल, तांबं, कोबाल्ट आणि जस्त पाण्यात उतरतात. ढिगाच्या पायथ्याशी झिरपणारं हे पाणी एका ओढ्यातून बर्च लेककडे जायचं. आजूबाजूला पीटच्या दलदली होत्याच. राज्याच्या नैसर्गिक संपदा विभागातल्या शास्त्रज्ञांच्या १९७० च्या दशकातच लक्षात आलं की दलदलीत शिरणाऱ्या पाण्यात धातू जास्त असतात आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात कमी. निसर्गाने फुकटात केलेला हा प्रयोग पाहूनच पुढे १९९२ मध्ये त्या ठिकाणी पीट घालून मुद्दाम दलदली बांधल्या गेल्या.

त्या चालल्या. निकेल मोठ्या प्रमाणात कमी झालं, तेही वीज न लागता, पंप न लागता, मिनेसोटाच्या हिवाळ्याला तोंड देत. माझ्यासारख्या माणसाला हे पाहून आनंद होतो. पण त्याच लोकांनी प्रामाणिकपणे पुढचा प्रश्नही स्वतःला विचारला: हे चालणार किती दिवस?

एक गणित करू. आकडे सोयीसाठी मी धरलेले आहेत. समजा, लिटरला चार मिलिग्रॅम निकेल असलेलं पाणी मिनिटाला शंभर लिटर येतंय. दिवसाला एक लाख चव्वेचाळीस हजार लिटर, म्हणजे सुमारे पावणेसहाशे ग्रॅम निकेल. वर्षाला दोनशे दहा किलो. एक किलो कोरडं पीट दहा ग्रॅम निकेल धरतं असं मानलं, तर वर्षाला एकवीस टन कोरडं पीट भरून जाणार. आणि ढिगातून पाणी झिरपणं एका वर्षात थोडंच थांबतं? ते दशकानुदशकं, कदाचित शतकं चालू राहतं. पाणी पीटच्या वरच्या थरातूनच मुख्यतः वाहतं, त्यामुळे खालचं सगळं पीट कामाला येतं असंही नाही. एक दिलासा असा की दलदल जिवंत असेल तर दरवर्षी वनस्पती मरून नवा थर येतो, थोड्या नव्या जागा तयार होतात. नव्या जागा तयार होण्याचा वेग निकेल येण्याच्या वेगाइतका असेल तर दलदल टिकेल, नसेल तर एक दिवस ती भरेल.

डुंकाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र पीटची नाहीच. दगडांच्या ढिगांवर त्यांनी आच्छादन घातलं, पाऊस आत शिरणं कमी केलं. त्याबरोबर दलदलीत येणारं पाणी आणि त्यातलं निकेल दोन्ही उतरलं. दलदलीचं आयुष्य वाढलं ते या झाकणामुळे. वर्तमानपत्रात बातमी मात्र नेहमी गाळणीची येते, झाकणाची कधी येत नाही.

आता जरा अवघड भाग. डुंकाच्या पाण्यात सल्फेट होतं हे मी मघाशी सांगितलं. पीट ते धरत नाही हेही सांगितलं. मग ते सरळ पुढे निघून जातं का? सगळं नाही. दलदलीत ऑक्सिजन नसतो, आणि अशा जागी सल्फेटवर जगणारे जीवाणू असतात. आपण ऑक्सिजन वापरतो तसं ते सल्फेट वापरतात. त्यातून तयार होणारा सल्फाइड धातूंना पकडून तळाशी बसवतो, ही चांगली बाजू. वाईट बाजू अशी की यातल्याच काही जीवाणूंकडे एक घातक कसब आहे. साध्या पाऱ्याला ते मिथाइल गट जोडून देतात. तो मिथाइल पारा माशांमध्ये साठतो, छोट्या माशाकडून मोठ्याकडे आणि शेवटी ताटात येतो. गर्भातल्या बाळाच्या मेंदूला त्याचा धोका असतो.

पारा तिथे येतो कुठून? मुख्यतः हवेतून. जगभर जळणाऱ्या कोळशातून, आणि इतर उद्योगांतून. पीट त्याला शतकानुशतकं धरून बसलं आहे, आणि हेही गाळणीचंच काम. मिनेसोटात मार्सेल प्रायोगिक जंगलात २००१ पासून शास्त्रज्ञांनी एका पीटभूमीच्या अर्ध्या भागावर पाण्यातून सल्फेट शिंपडायला सुरुवात केली, अर्धा भाग तसाच ठेवला. सल्फेट मिळालेल्या भागातून बाहेर पडणारा मिथाइल पारा वाढला. पुढे एका तुकड्यावर सल्फेट घालणं बंद केलं, तेव्हा तो हळूहळू उतरू लागला. जे पीट निकेल पकडून पाणी शुद्ध करतं, तेच पीट सल्फेट मिळाल्यावर आपल्याच पोटातल्या पाऱ्याचं जास्त घातक रूप करून खाली सोडतं. निकेलचा आकडा पाहिला तर यश, पाऱ्याचा पाहिला तर उलट. कोणता आकडा मोजायचा हे कोण ठरवतं, हा प्रश्न म्हणून निव्वळ रसायनशास्त्राचा राहत नाही.

२०११ मध्ये मिनेसोटाच्या आरोग्य विभागाने लेक सुपीरियरच्या खोऱ्यातल्या नवजात बाळांच्या रक्ताचा अहवाल दिला. तपासलेल्या मिनेसोटातल्या बाळांपैकी साधारण दहा टक्के बाळांच्या रक्तात पारा सुरक्षित मानलेल्या पातळीच्या वर होता. आपल्यातल्या मासेखाऊ मंडळींनी, विशेषतः सुरमई-पापलेट मिळत नाही म्हणून इथल्या तळ्यातल्या वॉलआयवर समाधान मानणाऱ्यांनी, कोणता मासा किती खावा याची राज्याने काढलेली यादी जरूर पाहावी. गरोदर बायकांनी तर नक्कीच.

पण मासा हा आपल्यासाठी आवडीचा भाग आहे. ओजिब्वे लोकांसाठी तो आणि मनूमिन हे जगणं आहे. मनूमिन म्हणजे इथलं जंगली धान्य, दुकानात वाइल्ड राइस म्हणून मिळतं ते. ते उथळ पाण्यात वाढतं आणि सल्फेटपासून तयार होणाऱ्या सल्फाइडने त्याच्या मुळांना इजा होते. म्हणून मिनेसोटाने १९७३ मध्ये मनूमिन येणाऱ्या पाण्यासाठी लिटरला दहा मिलिग्रॅम सल्फेटची मर्यादा घातली. कायद्यात आलेली ही मर्यादा पुढे अनेक दशकं नीट अमलात आली नाही. १८५४ च्या तहात ओजिब्वेंनी जमीन दिली, पण तिच्यावर शिकार, मासेमारी आणि धान्य गोळा करण्याचे हक्क राखून ठेवले. तळ्यातलं धान्यच मेलं तर त्या हक्काचं काय करायचं?

डुंकाच्या शेजारच्याच खडकात तांब्या-निकेलची नवी खाण काढण्याचा नॉर्थमेट नावाचा प्रस्ताव कित्येक वर्षं चालू होता. त्यासाठी नऊशे एकरांहून जास्त पाणथळ जमीन, बरीचशी पीटचीच, बुजवली किंवा खणली जाणार होती. त्या पाण्याच्या प्रवाहात खाली सेंट लुइस नदीवर फॉन दु लाक या ओजिब्वे समूहाची राखीव भूमी आहे. पाण्याच्या गुणवत्तेचे स्वतःचे नियम करण्याचा त्यांना कायद्याने अधिकार आहे, आणि पाऱ्याबाबतचे त्यांचे नियम कडक आहेत. त्यांनी हरकत घेतली, सुनावणीत स्वतःचे शास्त्रज्ञ उभे केले. जून २०२३ मध्ये लष्कराच्या अभियंता विभागाने खाणीचा पाणथळ जमिनीबाबतचा परवाना रद्द केला. खाली राहणाऱ्यांच्या नियमांची पूर्तता होणार नाही, असं कारण दिलं.

इथे आपल्यातले काही जण म्हणतील, आणि जेवताना एकाने मला म्हटलंही, "मग इलेक्ट्रिक गाडीला निकेल लागतं ते आणायचं कुठून?" प्रश्न बरोबर आहे आणि मी त्याला उडवून लावणार नाही. माझीही गाडी हायब्रिड आहे. निकेल लागणार, कुठेतरी खणणार. माझं म्हणणं इतकंच की "खाली दलदल आहेच, ती गाळून घेईल" हे उत्तर म्हणून चालणार नाही. ती किती वर्षं गाळेल, दुष्काळ पडून पीट सुकलं आणि मग पुन्हा भिजलं की पकडलेले सल्फाइड पुन्हा सल्फेट होऊन धातूंसह बाहेर येतील त्याचं काय, हे परवाना मागणाऱ्याने सांगायचं असतं. दुष्काळाची शक्यता वाढते आहे. त्याच मार्सेलच्या जंगलात वरून उघडे, मोठे पारदर्शक कक्ष उभारून दलदलीचे तुकडे नेहमीपेक्षा ९ अंश सेल्सिअसपर्यंत जास्त तापवण्याचा प्रयोग शास्त्रज्ञांनी केला. तापवलेल्या तुकड्यांमधलं स्फॅग्नम घटलं आणि पीटमधला कार्बन हवेत जाऊ लागला.

कार्बनवरून आठवलं. गाळण्यासाठी पीट खणून आणायचं म्हटलं तर त्याची किंमतही मोजायला हवी. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के जमीन पीटची आहे, पण तिच्यात सुमारे ६०० अब्ज टन कार्बन आहे, म्हणजे जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांमध्ये आहे त्याहून जास्त. मिलिमीटरचा आकडा इथे लागतो: एक मीटर खणायला दिवस, भरून यायला हजार वर्षं. १९४६ पासून पीट खणत आलेल्या बोर्ड ना मोनानेच जानेवारी २०२१ मध्ये खणणं बंद केल्याचं जाहीर केलं. कॅनडातल्या काही सांडपाणी-गाळण्यांमध्ये आता पीटऐवजी नारळाच्या सोडणाचा भुसा वापरतात.

या भुशाला बाजारात "कोकोपीट" म्हणतात, आणि त्यावरूनच आजच्या व्याख्यानाची मागणी आली हे मला माहीत आहे. तो पीट नाही, नाव तेवढं उसनं. पण लिग्निनमुळे तोही काही प्रमाणात धातू धरतो आणि जीवाणूंना घर देतो. कोकणात नारळ आहेत, भुसा स्वस्त आहे, तर आपण यवतमाळ-चंद्रपूरच्या गावांना कोकोपीटच्या गाळण्या का देऊ नयेत, अशी कल्पना आपल्या गटात पुढे आली आहे. तिच्यासाठी पैसेही जमले आहेत. हेतूबद्दल मला आदर आहे. पण त्या भागातला मुख्य प्रश्न फ्लोराइडचा आहे, आणि ऋण भाराचं फ्लोराइड साधा भुसा धरणार नाही. गावात गाळणी बसेल, फोटो निघेल, पाणी स्वच्छ दिसेल, आणि मुलांच्या दातांवरचे डाग तसेच वाढत राहतील. गाळणी नसण्यापेक्षा हे वाईट, कारण त्यानंतर कोणी दुसरी विहीर शोधणार नाही.

फ्लोराइडसाठी तुरटी आणि चुना वापरण्याची नालगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरीनेच काढली, आणि ती गावपातळीवर चालू शकते. ऍक्टिव्हेटेड ऍल्युमिना आहे, आरओ आहे. पण नालगोंडा पद्धतीत फ्लोराइड गाळात जातं, आरओमध्ये ते टाकून दिलेल्या पाण्यात जातं. ते पाणी विहिरीशेजारी जमिनीत मुरवलं तर पुन्हा त्याच विहिरीत. आपल्या सॉफ्टनरचंही तेच आहे, बरं का. त्यातलं मीठ सांडपाण्यातून नदीत जातं, आणि एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी खराब करायला पुरतं. शक्य असेल तिथे फ्लोराइड नसलेला पाण्याचा दुसरा स्रोत शोधणं किंवा पावसाचं पाणी साठवणं हे मला पहिलं काम वाटतं. डुंकाच्या झाकणासारखं.

तेव्हा जमलेले पैसे पाठवण्यापूर्वी त्या संस्थेला आपण एक पत्र लिहू या. गावातल्या विहिरींचं फ्लोराइड मोजलं आहे का, पावसाआधी आणि नंतर असं दोन्ही? गाळणी लिटरला किती मिलिग्रॅम खाली आणते, भारतीय मानकातल्या एक मिलिग्रॅमच्या जवळ येते का? दर किती दिवसांनी द्रव्य बदलायचं, बदलायचे पैसे तिसऱ्या वर्षी कोण देणार, आणि काढलेलं द्रव्य टाकणार कुठे? उत्तर आलं की मला पाठवा. आकडेमोड मी तपासून देते. विहिरींची मोजणीच झालेली नसेल तर पहिले पैसे त्यासाठी द्यावेत असं मी सुचवते. चाचणीला खर्च फार येत नाही, आणि पावसाळा सुरू होण्याआधीचा नमुना घ्यायला अजून वेळ आहे.